ऑपेराची जुनी चित्रं फलकावर लावण्याआधी : नाट्यविभागांना एक खुलं पत्र

रंगभूमीचा आणि नेपथ्याचा इतिहास शिकवणाऱ्या सर्व सरांना आणि मॅडमना,

स.न.वि.वि.

मी छापखानेवाला. नाट्यविभागांची प्रदर्शनं, एकांकिका स्पर्धांचे फलक, चर्चासत्रांच्या पुस्तिका हे माझ्याकडचं बारमाही काम. त्यामुळे तुम्ही वर्गात जे दाखवता त्यातलं बरंचसं आधी माझ्या संगणकावरून जातं. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय ऑपेराची चित्रं त्यात हमखास असतात, आणि ती हमखास कापलेली असतात. खालची ओळ गायब, कडा गायब, कोपऱ्यातल्या सह्या गायब. मध्यंतरी एका प्रदर्शनासाठी आलेल्या चित्राखाली मजकूर होता, ‘भारतीय मंदिर, पॅरिस ऑपेरा, १८७७. रंगमंचाचं छायाचित्र.’ गॅसच्या उजेडात, हलत्या-नाचत्या माणसांचा चालू प्रयोगातला फोटो त्या काळच्या कॅमेऱ्याला झेपणारा नव्हता. मी फोन करून तसं म्हटलं, तर पलीकडून उत्तर आलं, ‘अहो, लोकांना कळतं सगळं, जाऊ द्या.’

जाऊ देववत नाही, म्हणून हे पत्र. म्हणणं एवढंच आहे की ही चित्रं नाटकघरात नाही, छापखान्यात जन्मलेली आहेत. त्यांच्याकडे प्रयोगाचा पुरावा म्हणून बघायचं असेल तर आधी छपाईचं काम म्हणून बघावं लागेल, आणि त्यासाठी चित्र अख्ख्या पानासकट विद्यार्थ्यांपुढे यायला हवं.

इंटरनेटवर तुम्हाला जी चित्रं सापडतात त्यांतली पुष्कळशी सचित्र साप्ताहिकांतली आहेत. लंडनचं ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ १४ मे १८४२ रोजी निघालं. पहिला अंक १६ पानांचा, आत ३२ चित्रं, किंमत ६ पेन्स. पुढच्या वर्षी मार्चमध्ये पॅरिसला ‘लिलुस्त्रासिओं’ आणि जुलैत लाइपझिगला ‘इलुस्त्रिर्टं त्साइटुंग’ सुरू झालं. १८४३ म्हणजे विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभं केलं तेच साल. फरक इतकाच की सांगलीत असलं साप्ताहिक नव्हतं. नाहीतर भाव्यांच्या राक्षसांच्या आरोळ्या नसत्या ऐकू आल्या, पण त्यांची सोंगं तरी आज डोळ्यांनी पाहता आली असती.

आता हे चित्र बनायचं कसं ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या अभ्यासक्रमात हा भाग मला कुठेच दिसला नाही. ठसा लाकडाचा, तोही बॉक्सवुडचा. हे लाकूड घट्ट आणि बारीक पोताचं. खोडाचा आडवा काप घेऊन त्यावर कोरायचं, म्हणजे केसाइतकी रेषाही टिकते. पण झाड बुटकं आणि खोड बारीक, त्यामुळे एका कापात तळहाताएवढाच तुकडा हाती लागतो. पानभर चित्र हवं असेल तर असे अनेक तुकडे शेजारी-शेजारी बसवून मागून बोल्ट आवळायचे. तयार ठोकळ्याची उंची खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या, उंचीएवढीच. म्हणजे चित्र आणि मजकूर एकाच फर्म्यात, एकाच दाबात छापता येतो. तांब्याच्या पत्र्यावरच्या कोरीवकामाला हे जमत नाही, शिळाप्रेसलाही जमत नाही, त्यांना वेगळी छपाई लागते. सचित्र साप्ताहिक हा धंदाच मुळी या उंचीच्या हिशेबावर उभा राहिला.

ठोकळ्यावर पांढरा लेप देऊन चित्रकार त्यावर उलटं चित्र काढी. मग बोल्ट सैल करायचे, तुकडे सुटे करायचे आणि एकेक तुकडा एकेका कोरणाऱ्याच्या हाती द्यायचा. एकाकडे आभाळ, दुसऱ्याकडे खांब आणि कमानी, तिसऱ्याकडे गर्दी, आणि चेहरे सगळ्यांत सराईत हाताकडे. लग्नघरी दहा जणी पोळ्या लाटतात आणि परातीत कुणाची कुठली हे कळत नाही, तसं ते काम. रात्र जागून तुकडे पुरे व्हायचे, पुन्हा बोल्ट आवळले जायचे आणि एखादा जुना जाणता कारागीर सांध्यांवरच्या रेषा एकमेकींना जुळवून द्यायचा. तरी सांधा कधीकधी राहतोच. चांगल्या स्कॅनमध्ये पान मोठं करून बघा : आभाळातून किंवा एखाद्या नर्तिकेच्या घागऱ्यावरून सरळ उभी, बारीक पांढरी रेघ गेलेली दिसेल. विद्यार्थ्याला ती रेघ शोधायला लावा. चित्र कुणा एका माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही हे त्याला एका मिनिटात कळेल, माझ्या या पत्राची गरजच उरणार नाही. तुम्ही मला पाठवता त्या दोनशे केबींच्या फाइलीत मात्र ती रेघ कधीच मेलेली असते.

लाकडी ठशाची आणखी एक खोड आहे. जे कोरलं जातं ते कागदावर पांढरं उमटतं, जे तसंच राहतं ते काळं. म्हणजे कोरणारा अंधारातून उजेड काढत जातो. चांदणं, मशाली, गुहा, वीज हे त्याच्या हातचे विषय. आता त्या काळच्या रंगमंचावरचा खरा उजेड आठवा. पॅरिसच्या ऑपेरात गॅस आला १८२२ मध्ये. खालून फुटलाइटची रांग, विंगांमधून उभ्या बत्त्या, वरून पट्ट्या. हा उजेड सगळीकडे पसरणारा. कडक सावली पाडणारा एकच झोत हवा तर विजेच्या आर्क-दिव्यासारखा एकवटलेला उजेड लागतो. १८४९ साली मेयरबेअर या संगीतकाराच्या ‘ल प्रोफेत’ या ऑपेरात सूर्योदय दाखवायला हा आर्क-दिवा वापरला, तेव्हा गावभर त्याचीच चर्चा होती. छापील चित्रात मात्र प्रत्येक प्रसंगाला नाट्यमय सावल्या आहेत. तुमच्यापैकी जे कुणी या चित्रांवरून ‘एकोणिसाव्या शतकातील प्रकाशयोजना’ शिकवत असतील, त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की त्यातल्या निम्म्या प्रकाशाची योजना कोरणाऱ्याची आहे.

शिवाय चित्रकार बघत काय होता? पहिला प्रयोग शुक्रवारी आणि साप्ताहिक शनिवारी अशी गाठ असली तर ठसा कोरायला आठवडाभर आधी चित्र हातात हवं. म्हणजे पडद्यांच्या छोट्या प्रतिकृती, वेशभूषेची रेखाटनं आणि जमल्यास रंगीत तालीम. रंगीत तालमीत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. अर्धे कपडे आलेले नसतात, एखादा पडदा ओला असतो, आणि कोरसमधल्या निम्म्या लोकांना आपण कुठे उभं राहायचं हेच ठाऊक नसतं. चित्रात मात्र सगळे आपापल्या जागी, झालर नीट, मागचा डोंगर नीट. माणसंही बऱ्याचदा प्रमाणापेक्षा लहान काढलेली, म्हणजे मंदिर आपोआप अवाढव्य होतं.

वर ज्या १८७७च्या फाइलीचा उल्लेख केला तिच्याबद्दल जरा सांगायला हवं, कारण मराठी माणसाला त्यात गंमत आहे. चित्र होतं ‘ल रुआ द लाओर’ म्हणजे ‘लाहोरचा राजा’ या ऑपेराचं. संगीत मासनेचं, पहिला प्रयोग २७ एप्रिल १८७७, शुक्रवारी, पॅरिसच्या नव्या गार्निए नाट्यगृहात. ते उघडून तेव्हा दोनच वर्षं झाली होती आणि त्या भल्यामोठ्या रंगमंचावर काय काय करता येतं ते दाखवायची सगळ्यांना हौस होती. कथानक अकराव्या शतकातलं. लाहोरवर गझनीच्या महंमुदाची स्वारी येतेय, राजा अलीम इंद्राच्या देवळातल्या सीतेवर प्रेम करतो, आणि त्याचा प्रधान त्याचा घात करतो. प्रधानाचं नाव काय, तर सिंदिया! आपले शिंदे, इंग्रजी कागदपत्रांत लिहितात त्या थाटात, सात शतकं आधीच लाहोरला कारस्थानं करत बसलेले. देवळाचा मुख्य पुजारी तिमूर. राजा मरतो, मेरुपर्वतावर इंद्राच्या स्वर्गात पोचतो, तिथे भलामोठा बॅले होतो, आणि मग इंद्र त्याला भिकारी करून पुन्हा पृथ्वीवर पाठवतो, सीता जगेल तोवरच जगायच्या अटीवर. सीतेचं काम जोझेफीन द रेश्के हिनं केलं होतं, सिंदिया होता जाँ लासाल.

तुमच्या प्रदर्शनात ज्याला ‘भारतीय मंदिर’ म्हटलं होतं, तो हा इंद्राचा स्वर्ग. पानावरची छापील ओळ कापली नसती तर अंक कोणता, प्रवेश कोणता, ऑपेरा कोणता हे तिथेच कळलं असतं. अशा पानांच्या ओळीत पडदे रंगवणाऱ्याचं नावही कधीकधी मिळतं, आणि ते महत्त्वाचं आहे. कारण पॅरिसमध्ये एका ऑपेराचे सगळे पडदे एकाच माणसाकडे नसत. एक अंक रुबे आणि शापेरों यांच्या कार्यशाळेत, दुसरा लाव्हास्त्रकडे, तिसरा आणखी कुणाकडे. म्हणजे एका संध्याकाळी प्रेक्षकाला तीन-चार जणांचा भारत दिसायचा. या कलाकारांच्या आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे भारताची चित्रं कुठली होती? लुई रूस्लेच्या प्रवासवर्णनातली लेणी, राजवाडे, हत्तींच्या मिरवणुका पॅरिसमध्ये १८७० नंतर छापून येत होत्या, आणि त्याही बॉक्सवुडच्याच ठशांवरून. साप्ताहिकातला भारत रंगमंचावर आणि रंगमंचावरचा भारत पुन्हा साप्ताहिकात, असा तो व्यवहार. यावर एखाद्या विद्यार्थ्यानं एम.ए.चा प्रबंध करावा असं मला फार वाटतं. पण सुरुवात अख्ख्या पानापासून करावी लागेल.

मेयरबेअरच्या ‘लाफ्रिकेन’चं तर बोलूच नका. १८६५ची ही ऑपेरा, नायक वास्को द गामा, नायिका नावाप्रमाणे आफ्रिकन, आणि तिच्या राज्यात शपथा ब्रह्मा, विष्णू, शिवाच्या. तिसऱ्या अंकात रंगमंचभर जहाज, मधोमध चिरून आतले मजले दाखवावेत तसं. ते जहाज बऱ्याच छापील चित्रांत आहे आणि नेपथ्याच्या वर्गात दाखवायला फक्कड आहे.

छापील चित्र आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला दिसणारा प्रयोग यांतलं अंतर दाखवायचं असेल तर एक जोडी वर्गात लावा. मेयरबेअरचाच ऑपेरा ‘रोबेर ल दियाब्ल’, पहिला प्रयोग २१ नोव्हेंबर १८३१. सिसेरीनं रंगवलेला मठाचा चौक, वरून चांदणं, आणि थडग्यांतून उठून नाचणाऱ्या जोगिणी, त्यांत मुख्य मारी ताल्योनी. या प्रवेशाची शिळाछाप चित्रं त्या काळी निघाली. त्यांतलं एक घ्या आणि शेजारी फ्रेंच चित्रकार देगा याचं तैलचित्र ठेवा. देगानं हाच प्रवेश चाळीस वर्षांनी दोनदा रंगवला. १८७१चं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, १८७६चं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये. देगाच्या चित्रात खालचा भाग टकलांनी, दाढ्यांनी आणि वाद्यवृंदातल्या ‘बसून’ नावाच्या फुंकवाद्याच्या नळ्यांनी भरलाय. वर जोगिणी म्हणजे नुसते पांढरे फराटे. एक गृहस्थ दुर्बीण लावून बसलेत, पण रंगमंचाकडे नव्हे, बाजूला कुठेतरी. बहुधा एखाद्या बॉक्सकडे. छापील चित्रात हे गृहस्थ नाहीत, कारण चित्र विकत घेणाऱ्याला दुसऱ्याचं टक्कल पैसे देऊन नको असतं. देगाही काही फोटो काढत नव्हता, हे मला मान्य आहे. तरी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी ठेवली की प्रश्न विद्यार्थीच विचारू लागतील.

याच्या उलटं उदाहरण जर्मनीतल्या बायरॉइटचं, आणि ते मला सगळ्यांत जास्त आवडतं. ऑगस्ट १८७६, वाग्नरच्या चार रात्रींच्या ‘रिंग’चा पहिला पूर्ण प्रयोग. पहिल्याच प्रवेशात ऱ्हाइन नदीच्या तळाशी तीन जलकन्या पोहत गातात. त्यासाठी कार्ल ब्रांटनं चाकांच्या गाड्या केल्या होत्या. गाडीवर उंच खांब, खांबाच्या टोकाला पाळणा, पाळण्यात पट्ट्यांनी बांधलेली गायिका, आणि खाली गाडी ढकलणारे बॅकस्टेजवाले. लिली लेमान, तिची बहीण मारी आणि मिन्ना लामर्ट या तिघी त्या उंचीवर झुलत गायल्या. गायक-गायिकांचे वेशभूषेतले फोटो निघाले, पण प्रयोगातल्या पाण्याचा फोटो कुठून निघणार? सचित्र नियतकालिकांनी मात्र दोन्ही बाजू छापल्या. पुढून बघा तर लाटांत तरंगणाऱ्या अप्सरा. मागून बघा तर अस्तन्या सरसावलेले लोक गाड्या ढकलतायत. प्रेक्षकाला कधीच न दिसणारी बाजू कोरणाऱ्यानं दाखवली. माझ्या माहितीत बॅकस्टेजवाल्यांना इतका मान त्याआधी फारसा कुणी दिला नव्हता, आणि आपल्याकडे तर तो अजूनही नाटकाच्या शेवटी नावं वाचण्यापुरताच.

नेपथ्यकारांनी स्वतः छापून घेतलेली चित्रं हा निराळा माल. बर्लिनला शिंकेलनं १८१६ साली ‘मॅजिक फ्लूट’साठी केलेला ताऱ्यांचा घुमट, किंवा मिलानच्या ला स्कालात सांक्विरिकोनं केलेले पडदे. ही ॲक्वाटिंट, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेली चित्रं आहेत, पुष्कळदा हातानं रंगवलेली, संग्राहकांसाठी काढलेली. त्यात प्रयोग नाहीच, नेपथ्यकाराच्या मनातलं नेपथ्य आहे. शिंकेलचा घुमट तुम्ही सगळे दाखवता, आणि तो आहेच दाखवण्यासारखा. फक्त १८१६ हे प्रयोगाचं साल आहे, छपाई त्यानंतरची. फलकावर दोन्ही सालं लिहावीत.

एवढं सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग ही चित्रं खोटीच समजायची का? मुळीच नाही. पॅरिसचं ल पेलतिए नाट्यगृह, जिथे ‘रोबेर’ आणि ‘लाफ्रिकेन’ झाल्या, ते ऑक्टोबर १८७३ मध्ये जळून गेलं. ऑपेराचं पडद्यांचं कोठार जानेवारी १८९४ मध्ये जळलं. ऑपेरा-कोमिक, जिथे निलकंठाच्या मुलीची गोष्ट सांगणारी ‘लाक्मे’ १८८३ साली आली, तेही १८८७ मध्ये आगीत गेलं. कॅनव्हास, लाकूड, गोंद आणि गॅस एकत्र असले की दुसरं काय होणार? कैरोच्या ज्या ऑपेरा हाउसमध्ये २४ डिसेंबर १८७१ रोजी ‘आयदा’ पहिल्यांदा झाली ते शंभर वर्षं टिकलं आणि १९७१ साली जळालं. पडदे गेले, प्रतिकृती थोड्याफार उरल्या, आणि छापील पानं हजारोंनी उरली. म्हणून तर ती कापू नयेत. आपल्याकडे बाबुराव पेंटरांनी नाटक कंपन्यांसाठी रंगवलेल्या पडद्यांबद्दल आपण किती ऐकतो, आणि डोळ्यांनी किती पाहतो?

अठराशे नव्वदनंतर हाफटोन आला, फोटो थेट छापता येऊ लागले, आणि बॉक्सवुडवाल्या कारागिरांची रोजी गेली. १८९८ पासून पॅरिसला ‘ल तेआत्र’ नावाचं फोटोंचं नियतकालिक निघू लागलं. त्यातले फोटोही सरळ मानू नका, हे जाता जाता.

आता माझ्या कामाचं. पुढच्या वेळी फाइल पाठवाल तेव्हा अख्खं पान पाठवा, चहूबाजूंच्या कोऱ्या कडांसकट. त्यामागचं पानही उतरवून ठेवा, परीक्षण पुष्कळदा तिथेच असतं आणि चित्राशी त्याचं पटत नाही. चित्राखालची ओळ आहे तशी मराठीत आणून फलकावर द्या. दोन्ही कोपऱ्यांत भिंग लावून सह्या शोधा. चित्रकाराची सही एकीकडे, कोरणाऱ्याची दुसरीकडे, त्याच्या नावापुढे बहुधा ‘स्कल्प’ची, म्हणजे ‘यानं कोरलं’ अशी खूण. दोन्ही नावं फलकावर येऊ द्या. एकच चित्र दोन देशांतल्या साप्ताहिकांत दिसलं तर चक्रावू नका. ठशाचा धातूचा साचा काढून तो परगावी विकायचा रिवाज होता, आणि विकत घेणारा खाली स्वतःची ओळ टाकायचा. तुमच्याकडचं चित्र कुठल्या गावच्या, कुठल्या तारखेच्या अंकातलं, एवढं लिहिलं की पुरे. हल्ली बाजारात अशीच पानं बांधील खंडांतून फाडून, वर नवे रंग चढवून चौकटीत विकतात. साप्ताहिकाच्या मूळ पानावर रंग बहुधा नसतोच. रंगीत प्रत दिसली की आधी शंका घ्या.

आणि एक धंद्यातलं. या चित्रांत करडा रंग नसतो, नुसत्या रेषा असतात. कमी रिझोल्यूशनची फाइल ओढूनताणून मोठी केली की रेषा एकमेकींत मिसळतात आणि आभाळाचा चिखल होतो. लहान केली तर जाळीदार लाटा उमटतात आणि तुम्ही मला छपाई खराब म्हणून फोन करता. गॅलिका (फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची साइट) किंवा तत्सम ग्रंथालयाच्या साइटवरून सगळ्यांत मोठी प्रत उतरवा, व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, ड्राइव्हवर टाका. चित्राखाली चार ओळींची जागा मी प्रत्येक फलकावर सोडून ठेवेन, तिचा आकार बिलात धरणार नाही. स्पर्धांचा हंगाम लागायच्या आत फाइली आल्या तर सांधे आणि सह्या दिसतात का हे मी स्वतः एकदा बघून घेईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक छापखानेवाला